पंखातला स्क्रू-ड्रायव्हर

"या वेळी ट्रक बोलावणार नाही!" शनिवारच्या भरगर्दीत, गावच्या पबमध्ये, बिअरचा ग्लास टेबलावर आपटून ऑब्री स्किपविथ म्हणाले, आणि सगळ्याची सुरुवात तिथूनच झाली.

ग्लास आपटणं हा त्यांचा स्वभाव नव्हे. एकोणतीस वर्षं त्यांनी गाडीच्या परवान्याच्या परीक्षा घेतल्या होत्या. तेवढ्या काळात मांडीवरची वही आणि हातातली पेन्सिल यांपलीकडे त्यांनी कशाचाही आवाज केला नव्हता. पण माणसाच्या सहनशक्तीलाही मर्यादा असते. गावच्या फ्लाइंग क्लबचं जुनं स्पिटफायर, म्हणजे महायुद्धातलं एका सीटचं लढाऊ विमान, उडवायचा मान त्यांच्याकडे होता, कारण तरुणपणी ते हवाई दलात होते आणि क्लबमधल्या बाकी दोन वैमानिकांचे गुडघे कामातून गेले होते. हे स्पिटफायर तीनदा बाहेरगावी गेलं, आणि तिन्ही वेळा पंख सोडवून, दोरखंडानं बांधून, ट्रकवरून परत आलं. लिंकनशरमधल्या त्या गावानं आपलं विमान हवेत कमी आणि रस्त्यावर जास्त पाहिलं होतं. तिसऱ्या वेळी तर चर्चचं मासिक पत्रक काढणाऱ्या मिसेस ब्रॉकलबँकनी त्यात छापलं, "मि. स्किपविथ हवाई सफरीवर निघत असल्यानं सोमवारी मुख्य रस्ता बंद राहण्याची शक्यता आहे."

सफरीवर निघायच्या आधी! हे त्यांना फार लागलं.

आणि या खेपेचं जाणं साधं नव्हतं. हेरफर्डशरमधल्या एका वृद्धाश्रमातून मिस हेस्टर डॅगलिश नावाच्या बाईंचं क्लबला पत्र आलं होतं. युद्धाच्या वेळी त्या विमानतळावर मेकॅनिक होत्या, आणि वर्तमानपत्रातल्या फोटोतला नंबर पाहून त्यांनी हे विमान ओळखलं होतं. पत्र चारच ओळींचं. "या विमानाचे प्लग मी बदललेले आहेत. येत्या शुक्रवारी दुपारी चारला मला नव्वद पूर्ण होतात. शेजारी गवताचं चांगलं मैदान आहे. फोटो पाठवू नये, फोटोला आवाज नसतो."

ऑब्रींनी त्याच दिवशी होकार कळवून टाकला. मग क्लबचा इंजिनिअर बर्ट क्रॅबट्री याला सांगायला गेले.

क्रॅबट्री विमानाखाली आडवा पडला होता. तिथूनच म्हणाला, "बिघाड होणारच. कुठं होईल एवढाच प्रश्न. आणि जिथं होईल तिथल्या मेकॅनिकनं असलं इंजिन फक्त कॅलेंडरवर पाहिलेलं असेल. तेव्हा ट्रक नको असेल तर हत्यारं आणि सुटे भाग बरोबर न्या, आणि हात काळे करा."

"करीन," ऑब्री ताठ मानेनं म्हणाले.

"तुमचे हात मी पाहिलेत, स्किपविथ."

पुढचे तीन आठवडे क्रॅबट्रीनं त्यांना प्लग काढायला आणि बसवायला शिकवलं. नववा प्लग बसवताना त्यांच्या तोंडून जो शब्द गेला तो क्लबच्या इतिहासात नोंदवण्यासारखा होता. पण अखेर क्रॅबट्रीनं लेखी दिलं, की हा मनुष्य पाना हातात धरू शकतो.

आता बरोबर काय न्यायचं? क्रॅबट्रीची यादी छोटी होती. चार प्लग, लांब दांड्याचा पाना, मागच्या चाकाची ट्यूब, स्क्रू सुटू नयेत म्हणून गुंडाळायची तार आणि ती पिळायची पक्कड, थोडं तेल. शिवाय एक पितळी जोडणी. या विमानाचे ब्रेक हवेवर चालतात, आणि ती हवा भरायच्या नळीचे आटे आताच्या कुठल्याच पंपाला बसत नाहीत. एवढंच. पण पबमध्ये ग्लास आपटून केलेली घोषणा ही खाजगी राहत नाही, आणि ज्या गावात प्रत्येक घरी एक शेड आहे त्या गावात प्रत्येकाकडे हत्यारं असतात आणि प्रत्येक हत्यारामागे एक मत असतं.

पहिल्यांदा आला तो शेजारचा प्लंबर लेन टास्कर. त्यानं एक हातभर लांबीचा पाइप-पाना आणि दीडशे रबरी वायसर आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओतले.

"लेन, हे विमान आहे."

"हो, पण आत काय वाहतं? पाणी, तेल, पेट्रोल. म्हणजे शेवटी नळकामच ना. तुम्हीच मला नापास केलंत, ऑब्री, तरी मी मनात काही ठेवत नाही. घ्या."

मग मिसेस ब्रॉकलबँक आल्या. त्यांनी एक शिट्टी आणली होती.

"हरवलात तर वाजवा."

"बाई, मी हवेत असेन."

"मग जोरात वाजवा."

ऑब्रींच्या पत्नीनं, डल्सीनं, काहीच सल्ला दिला नाही. ती आली, आणि वायसरांच्या ढिगावर धुतलेल्या चड्ड्यांचे चार जोड ठेवून गेली.

"डल्सी, मी दीड तासात पोचणार आहे!"

"मागच्या वेळी चार दिवस लागले होते," डल्सी शांतपणे म्हणाली आणि अंडी उकडायला गेली.

गुरुवारी क्रॅबट्रीनं सगळं सामान वजनकाट्यावर टाकलं. एकेचाळीस किलो. परवानगी बारा किलोची. त्यानं पाइप-पाना उचलून ऑब्रींकडे असं पाहिलं, की त्यांना पहिल्यांदाच कळलं, आपण रिव्हर्सला चुकलेल्या लोकांकडे पाहायचो तेव्हा त्यांना आत काय होत असेल.

बारा किलो उरले ते मात्र ऑब्रींनी आपल्या पद्धतीनं लावले. पंखांत पूर्वी जिथं तोफा आणि गोळ्यांचे पट्टे असत, तिथं आता रिकामे कप्पे होते. डावीकडे सहा किलो, उजवीकडे सहा किलो. प्रत्येक वस्तूला कापडी पिशवी, प्रत्येक पिशवीला लेबल, आणि सगळ्याचा नकाशा एका कार्डावर काढून ते त्यांनी खिशात ठेवलं. क्रॅबट्रीनं कप्प्यांची झाकणं लावली, त्यांचे खाचेचे स्क्रू एकेक करून फिरवून घट्ट केले, आणि म्हणाला, "एवढी शिस्त मी हवाई दलातसुद्धा पाहिली नाही." ऑब्रींना रात्रभर या वाक्याची ऊब पुरली.

शुक्रवारी बाराला निघाले. पाऊण तास विमान सोन्यासारखं चाललं. मग इंजिन खोकलं. एकदा, मग दोनदा, मग एखाद्या म्हाताऱ्यानं सभेत बोलणाऱ्याला थांबवण्यासाठी खोकावं तसं सारखंच. खाली एक मोठा प्रवासी विमानतळ होता. ऑब्रींनी परवानगी मागितली, आणि सुट्टीला निघालेल्या दोन भल्यामोठ्या जेट विमानांच्या मधे त्यांना उतरवण्यात आलं. जेटच्या खिडक्यांना नाकं चिकटली. ऑब्री नाकांकडे न पाहता, मान सरळ ठेवून, दूरच्या कोपऱ्यात जाऊन थांबले.

पिवळं जाकीट घातलेला एक मनुष्य गाडीतून आला. "काही मदत?"

"आभारी आहे," ऑब्री म्हणाले. या क्षणाची त्यांनी तीन आठवडे वाट पाहिली होती. "लागेल ते सगळं माझ्याबरोबर आहे."

मग त्यांनी खिशातून कार्ड काढलं. इंजिनावरचा पत्रा खोलायला स्क्रू-ड्रायव्हर हवा. स्क्रू-ड्रायव्हर कुठं? डावा कप्पा, पिशवी क्रमांक दोन, लेबलसकट. ते डाव्या कप्प्यापाशी गेले. कप्प्याचं झाकण बंद होतं. झाकणाला अकरा स्क्रू होते. त्यांनी अकराही मोजले. मग उजव्या बाजूला जाऊन तिकडचे मोजले, तेही अकराच होते. झाकण लावणारा स्क्रू-ड्रायव्हर क्रॅबट्रीचा होता, आणि तो या वेळी लिंकनशरमध्ये क्रॅबट्रीच्या खिशात होता.

पिवळ्या जाकिटाचा मनुष्य अजून उभाच होता. त्याचा चेहरा गंभीर होता, पण खांदे हलत होते.

"तुमच्याकडे एखादा..." ऑब्री म्हणाले.

"आहे ना साहेब. पण तो कंपनीचा. यादीतल्याच विमानांना लावायचा. तुमचं यादीत नाही. इन्शुरन्सचा प्रश्न. तिकडं इमारतीत काहीतरी मिळेल, सोडतो चला."

इमारतीत, सामानाच्या हरवल्या-सापडल्याच्या खिडकीत, एक हसतमुख मुलगी बसली होती. तिनं टेबलाखालून एक मोठा प्लास्टिकचा टब ओढला. त्यात किमान साठ स्क्रू-ड्रायव्हर होते. सिक्युरिटीवाल्यांनी प्रवाशांकडून काढून घेतलेले. "घ्या हो, कुठलाही. कुणी मागायला येत नाही." ऑब्रींनी निवडून, रुंद पात्याचा, पिवळ्या मुठीचा एक घेतला, आणि दोन वाजायला दहा मिनिटं असताना ते विजयी मुद्रेनं परत निघाले.

वैमानिकांचं वेगळं दार बंद होतं. तिथला माणूस जेवायला गेला होता. "प्रवाशांच्या रांगेतून जा," अशी पाटी. रांगेत स्पेनला निघालेली कुटुंबं होती, गवती टोप्या आणि पोरांच्या हवा भरलेल्या रबरी मगरी घेऊन. त्यांच्यामध्ये तेलकट ओव्हरॉल घातलेले, मानेवर चामड्याची टोपी लोंबणारे ऑब्री पन्नास मिनिटं उभे राहिले.

"बोर्डिंग पास?" तपासणीच्या टेबलामागचा गृहस्थ म्हणाला. छातीवर नाव होतं, एस. स्प्रॉट.

"मी वैमानिक आहे."

"कुठल्या कंपनीचे?"

"कुठल्याच नाही. माझं विमान बाहेर उभं आहे."

"सीट नंबर?"

"एकच आहे!"

स्प्रॉटनं मान वर केली, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू, पहाट व्हावी तसा, आनंद पसरला. "मिस्टर स्किपविथ! तुम्ही मला ओळखलं नसेल. तीनदा नापास. बॉस्टन रोड सेंटर. तिन्ही वेळा मंगळवार."

ऑब्रींना चेहरा आठवला नाही, पण मंगळवार आठवला.

पुढे सगळं अत्यंत नम्रपणे झालं. स्प्रॉटनं त्यांचं ओळखपत्र पाहिलं, क्लबचं पत्र पाहिलं, फोन करून विमान खरोखर बाहेर उभं असल्याची खात्री करून घेतली. मग ट्रेमधला स्क्रू-ड्रायव्हर दोन बोटांत उचलला.

"हा विमानात नेता येणार नाही, सर."

"विमानात नेत नाहीये. विमानाला लावतोय. बाहेरून."

"त्याचं पातं सहा सेंटिमीटरच्या वर आहे."

"अहो, ते लढाऊ विमान आहे! त्याला आठ तोफांच्या जागा आहेत! मला कुणाचं अपहरण करायचं असेल तर मी स्वतःचंच करणार ना?"

"शक्य आहे सर. पण नियम म्हणजे नियम. हे तुम्हीच मला शिकवलंत. तिन्ही वेळा." आणि त्यानं स्क्रू-ड्रायव्हर बाजूच्या खोक्यात टाकला. ते खोकं संध्याकाळी कुठं रिकामं होतं, हे ऑब्री नुकतेच पाहून आले होते.

खरं सांगायचं तर या क्षणी दुसऱ्या कुणी ट्रक बोलावला असता. तीन वाजले होते. शंभर मैलांवर एक नव्वद वर्षांची बाई मैदानाच्या कडेला खुर्ची मांडून बसली असणार. ऑब्रींनी चामड्याची टोपी डोक्यावर चढवली, पट्टा हनुवटीखाली बांधला, आणि टेबलासमोर पाय रोवून उभे राहिले.

"मिस्टर स्प्रॉट, मी इथून हलणार नाही."

"सर, मागे रांग आहे."

"असू द्या. मला एवढंच सांगा. मला बावीस स्क्रू फिरवायचे आहेत. त्यांना सरळ खाच आहे. काय नेता येतं ते सांगा, काय नेता येत नाही ते पुष्कळ ऐकलं."

स्प्रॉट नियमांची वही उघडून बसला. चाकू नाही. चमचा, धातूचा असल्यास नाही. नखं घासायची कानस, नाही. तेवढ्यात मागून गवती टोपी घातलेल्या एक आजीबाई म्हणाल्या, "अहो, नाण्यानं नाही का फिरणार? माझा नवरा टीव्हीचं झाकण नाण्यानंच उघडायचा. मेला त्यातच, पण उघडायचा."

रांगेतल्या सगळ्या माना वहीकडे वळल्या. स्प्रॉटनं वहीचं पान उलटलं, परत उलटलं.

"नाण्यांबद्दल," तो सावकाश म्हणाला, "काही लिहिलेलं नाही."

ऑब्रींच्या ओव्हरॉलमध्ये एकही नाणं नव्हतं. पण ते मागे वळायच्या आत ट्रेमध्ये पहिलं पडलं. मग दुसरं. मगर बगलेत धरलेल्या एका गृहस्थानं खिसा उलटा केला. "दोन पेन्सचं जाड पडेल हो, हे घ्या," "एकाचं वाकेल," "माझ्याकडे डेन्मार्कचं आहे, भोकाचं," असा सगळा गलका झाला. आजीबाईंनी पाकिटाच्या तळातून स्पेनची जुनी पेसेटा नाणी काढली. "ही कधीच बंद झाली. बँक घेत नाही, भिकारी घेत नाही. बघा, तुमचं विमान घेतंय का."

ट्रे यंत्रातून गेला. यंत्र गप्प राहिलं. ऑब्रींनी ओंजळभर नाणी खिशात घातली. पुढे पाऊल टाकलं, आणि थांबले.

"तिसऱ्या वेळी मी तुम्हाला आरशासाठी नापास केलं का?"

"हो. आरसा पाहिला नाही म्हणून."

"पाहिला होतात?"

"पाहिला होता, सर."

ऑब्रींच्या एकोणतीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नव्हता. "शक्य आहे," ते म्हणाले. त्यांना ते बोलायला किती जड गेलं हे फक्त डल्सीला कळलं असतं. स्प्रॉटनं त्यांच्यासाठी दोरीचं कुंपण वर उचललं.

डेन्मार्कचं नाणं घसरलं. दोन पेन्सचं खाचेत शिरेना. पेसेटा शिरला, अगदी त्याच कामासाठी पाडल्यासारखा. डाव्या झाकणाचे अकरा स्क्रू निघाले, आतून पिशवी क्रमांक दोन निघाली, आणि इतक्या उशिरा हातात आलेल्या त्या स्क्रू-ड्रायव्हरकडे ऑब्रींनी असं पाहिलं, की त्याला लाज असती तर तो वितळला असता.

कुठला प्लग गेलाय हे शोधायची रीत क्रॅबट्रीनं शिकवली होती. इंजिन मिनिटभर चालवायचं, बंद करायचं, आणि बाहेर येणाऱ्या धुराच्या नळ्यांवर एकेक थेंब टाकायचा. जिथं चुर्र होणार नाही ती जागा थंड. थर्मासातला डल्सीचा चहा त्यांनी नळ्यांवर शिंपडला. अकरा ठिकाणी चुर्र झालं. बाराव्या नळीवरून चहा निमूट खाली ओघळला. पुढचा पाऊण तास त्यांनी तापलेल्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून घालवला. तीन बोटं भाजली. बाहेर जो शब्द पडला तो नवव्या प्लगच्या वेळचा नव्हता, त्याच्या थोरल्या भावाचा होता. पिवळ्या जाकिटाचा मनुष्य गाडीतून उतरून काही अंतरावर उभा राहिला, आणि जुना काजळलेला प्लग बाहेर आला तेव्हा त्यानं टोपी काढली.

पत्रा बसवून, झाकणं लावून, उड्डाणाच्या रांगेत दोन जेटच्या मागे थांबून, ऑब्री हेरफर्डशरच्या त्या मैदानावर उतरले तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मैदानाच्या कडेला कागदी पताका होत्या. केक कापून झालेला दिसत होता. खुर्च्या गोळा करून नेल्या होत्या. एकच चाकांची खुर्ची तेवढी उरली होती. तिच्यात घोंगडी गुंडाळून एक लहानखुऱ्या बाई बसल्या होत्या, आणि खुर्चीची मागची मूठ धरून वृद्धाश्रमाची मेट्रन काकुळतीला आली होती.

"मिस डॅगलिश, चारपासून मी सांगतेय, आत चला. ब्रेक काढा ना!"

मिस डॅगलिशनी खुर्चीचा ब्रेक काढला, पण मेट्रनसाठी नाही. त्यांनी दोन्ही हातांनी चाकं रेटत खुर्ची सरळ विमानापाशी आणली. ऑब्री घाईनं उतरले आणि ताठ उभे राहिले.

"मॅडम, मी दिलगीर आहे. दोन तास दहा मिनिटं..."

"कुठला गेला होता?"

"डावीकडचा, चौथा."

"हं. तो तेव्हाही जायचा." त्यांनी हात लांबवून इंजिनाच्या पत्र्यावर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग ऑब्रींच्या भाजलेल्या बोटांकडे पाहिलं. "स्वतः बदललास?"

"हो."

"पायलट असून?" त्या म्हणाल्या. "मला वर चढव रे पोरा."

ऑब्री सदुसष्ट वर्षांचे होते. मेट्रन मधे आली. वय, हाडं, रक्तदाब, कागदपत्रं, संचालकांची परवानगी. सकाळपर्यंतचे ऑब्री असते तर त्यांनी तिच्या बाजूनं आणखी दोन कलमं सुचवली असती. आता त्यांनी बाह्या वर केल्या.

"बाई," ते मेट्रनला म्हणाले, "तुमच्या नियमांत स्पिटफायरबद्दल काही लिहिलंय?"

"नाही, पण..."

"मग यांना पायाकडून धरा."

दोघांनी मिळून त्यांना पंखावर आणि पंखावरून आत उतरवलं. मिस डॅगलिश सीटमध्ये जवळजवळ दिसेनाशा झाल्या. त्यांचे हात मात्र आपल्या आपण फिरत होते. हा नळ, ही मूठ, हा काटा. मग त्यांनी बाजूचं छोटं दार ओढून आतून लावून घेतलं.

"मिस डॅगलिश, साडेसहाला जेवण असतं!" मेट्रन खालून म्हणाली.

या विमानांत दाराला आतून एक लाल पहार अडकवलेली असते. वरची काच अडकली तर ती फोडून वैमानिकानं बाहेर पडावं म्हणून. मिस डॅगलिशनी ती न बघता काढली, मांडीवर आडवी ठेवली, आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवून बसल्या.

"जेवण इथं आणा," त्या म्हणाल्या. "आणि या पोरालाही आणा. तो भुकेला दिसतोय."

मेट्रननं ऑब्रींकडे पाहिलं. ऑब्री पंखावर चढले आणि दाराशी मांडी घालून बसले.

थोड्या वेळानं त्यांच्या खिशातला फोन वाजला. क्रॅबट्री होता. आवाजात ट्रकचं भाडं आधीच ठरवून ठेवल्याचा सूर होता.

"पोचलात? आता काय बिघडलंय?"

"काहीही नाही," ऑब्री म्हणाले. एका हातात वाटाण्याची ताटली होती, ती त्यांनी आत सरकवली. "पण आज निघता येणार नाही. जागा अडवलीय."